चुकलेल्या उडीची किंमत : ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ पुन्हा खेळताना

विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या जमान्यात ज्यांनी कॉम्प्युटर क्लासची फी भरली, त्यांच्यातल्या अनेकांनी सी-प्रॉम्प्टवर मनापासून टाइप केलेली पहिली कमांड ‘प्रिन्स’ हीच असणार. सर बाहेर गेले की फ्लॉपी आत. ज्यांना कुणा सीनियरनं ‘प्रिन्स मेगाहिट’ हा मंत्र दिलेला असे त्यांचा रुबाबच वेगळा, कारण शिफ्ट आणि एल दाबून ते लेव्हलमागून लेव्हल ओलांडत. बाकीचे आपले सुळ्यांवर पडून मरत.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा तो गेम १९८९ सालचा. त्याच्या नावाची मालिका आजही चालू आहे आणि मधल्या काळात ती इतक्या वेळा बदलली, की पहिला आणि शेवटचा गेम शेजारी ठेवले तर नातं ओळखू येणार नाही. राजपुत्राचा चेहरा बदलला, कथा बदलली, दोन मितींचा खेळ तीन मितींत गेला आणि पुन्हा दोन मितींत परतला. पण एक प्रश्न कायम राहिला : खेळणाऱ्याची उडी चुकली, तर त्याच्याकडून काय वसूल करायचं? प्रत्येक पिढीनं याचं उत्तर वेगळं दिलं. माझ्या मते ही मालिका समजून घ्यायची तर हाच धागा धरावा.

पार्किंगमध्ये पळणारा भाऊ

जॉर्डन मेक्नर हा अमेरिकन तरुण. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्यानं ‘कराटेका’ नावाचा गेम लिहिला आणि ब्रॉडरबंड या कंपनीनं तो १९८४ साली बाजारात आणला. पुढच्या गेममध्ये त्याला माणूस खऱ्या माणसासारखा हलायला हवा होता. मेक्नर काही कसलेला चित्रकार नव्हता. म्हणून १९८५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या चॅपाक्वा गावी, रीडर्स डायजेस्टच्या कचेरीच्या पार्किंगमध्ये, त्यानं धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळून वर चढायला लावलं आणि ते व्हिडिओ कॅमेऱ्यात टिपलं.

खरी मेहनत त्यानंतरची. व्हिडिओ एकेका चौकटीला थांबवायचा. खोलीत अंधार करून टीव्हीच्या पडद्याचा रोलवाल्या कॅमेऱ्यानं फोटो काढायचा. फोटो धुऊन आणायचे, काळ्या मार्करनं आणि पांढऱ्या करेक्शन-शाईनं माणसाची आकृती मागच्या पसाऱ्यातून सोडवायची, तिची झेरॉक्स काढायची आणि ती कॅमेऱ्यातून ‘ॲपल टू’ कॉम्प्युटरमध्ये उतरवायची. तिथं पुन्हा ठिपका न् ठिपका हातानं नीट करायचा. चित्रीकरणावरून आकृत्या गिरवण्याच्या या तंत्राला रोटोस्कोपिंग म्हणतात. कार्टूनपटांत ते १९१०च्या दशकापासून होतं, मॅक्स फ्लायशर यांचं. मेक्नरनं ते १ मेगाहर्ट्झ वेगाच्या आणि २८० गुणिले १९२ ठिपक्यांचा पडदा असलेल्या यंत्रात बसवलं. तलवारबाजीसाठी तर त्यानं भावालाही त्रास दिला नाही. १९३८च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या सिनेमातल्या शेवटच्या द्वंद्वात काही सेकंद दोन्ही लढवय्ये कॅमेऱ्याला बरोबर आडवे दिसतात. तेवढा तुकडा त्यानं गिरवून घेतला.

हालचाल सुंदर झाली हे उघडच आहे. पण तिचा परिणाम खेळाच्या नियमांवर झाला, आणि तो कमी बोलला जातो. त्या काळच्या उड्या मारण्याच्या गेममध्ये हीरो हवेत असताना मागे वळू शकायचा. बटण सोडलं की जागच्या जागी थांबायचा. खरा माणूस तसा थांबत नाही. पळताना थांबायचं म्हटलं तर त्याला आणखी दोन पावलं लागतात, उडी घेतल्यावर विचार बदलता येत नाही. गिरवलेली हालचाल मधेच तोडली तर ती खोटी दिसणार, म्हणून मेक्नरनं ती पूर्ण होऊ दिली. परिणामी एकदा उडी मारली की ती मारली. पडलात तर दोष कीबोर्डला देता येत नाही. (आम्ही दिला, तो भाग वेगळा.)

या शरीराभोवती जगही मोजून बांधलेलं होतं. एका लेव्हलमध्ये जास्तीत जास्त २४ खोल्या, प्रत्येक खोली १० चौकटी रुंद आणि ३ मजले उंच. सगळं चौकटींत असल्यामुळे किती पावलांनी कडा येईल हे डोळ्यांना शिकता येतं. शिफ्ट दाबून जपून पाऊल टाकायचं, कडेला उभं राहायचं, मग उडी. एक मजला पडलात तर काही होत नाही. दोन मजले पडलात तर प्राण मोजणाऱ्या त्रिकोणांपैकी एक जातो. तीन मजले पडलात तर संपलं.

आणि वर घड्याळ. वजीर जाफरनं राजकन्येला तासाभराची मुदत दिली आहे : माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. खेळणाऱ्यालाही बरोबर ६० मिनिटंच मिळतात. मेलात तर लेव्हल पहिल्यापासून सुरू होते, पण घड्याळ मागे जात नाही. म्हणजे इथं जीव हवे तितके आहेत, वेळ मात्र नाही. प्रत्येक मरणाची किंमत मिनिटांत वळती होते. पैसे टाकून खेळायच्या आर्केड यंत्रांतून आलेली ‘तीन लाइफ’ची पद्धत घरातल्या कॉम्प्युटरवर निरर्थक होती. मेक्नरनं तिच्या जागी असं चलन आणलं जे सगळ्यांकडे सारखंच असतं.

सावली कुठून आली?

या गेममधली सर्वांत नामी गोष्ट अडचणीतून जन्मली. बराच काळ गेममध्ये लढाई नव्हतीच. नुसते सापळे आणि उड्या. मेक्नरची मैत्रीण आणि सहकारी टोमी पियर्स त्याच्या मागे लागली होती की लढाई हवी. पण राजपुत्राच्या इतक्या सुबक हालचालींनी मेमरी खाऊन टाकली होती. दुसऱ्या माणसाच्या आकृत्या ठेवायला जागा कुठून आणणार?

मग राजपुत्राच्याच आकृत्या पुन्हा वापरायच्या ठरल्या, फक्त वेगळ्या दिसतील अशा. त्याची युक्ती अशी. पडद्यावरचं चित्र म्हणजे पेटलेले आणि विझलेले ठिपके. राजपुत्राचं चित्र घ्यायचं, त्याची एक प्रत एक ठिपका बाजूला सरकवायची आणि दोन्ही एकमेकांशी ताडून पाहायच्या. दोन्हीकडे ठिपका सारखाच असेल तर विझवायचा, वेगळा असेल तर पेटवायचा. शरीराच्या आतल्या भागात दोन्ही प्रतींत ठिपके पेटलेलेच असतात, म्हणून तो भाग काळा पडतो. फरक फक्त कडेला पडतो. उरते ती चमचमणारी, पोकळ बाह्यरेषा. प्रोसेसरला ही ताडणी एका साध्या आज्ञेत जमते आणि नव्या चित्रांना मेमरी लागत नाही.

अशी तयार झाली सावली. चौथ्या लेव्हलमध्ये वाट अडवून एक आरसा उभा असतो, पळत येऊन त्यातून उडी मारावी लागते आणि त्या क्षणी दुसऱ्या बाजूनं सावली निसटते. पुढे ती तुमच्या आधी जाऊन शक्तीचं औषध पिऊन टाकते. सहाव्या लेव्हलच्या शेवटी तुमच्या तोंडावर दार बंद करते आणि तुम्ही खाली कोसळता. बाराव्या लेव्हलमध्ये ती तलवार उपसून समोर उभी राहते. तोपर्यंत गेमनं शिकवलेलं असतं की समोर तलवार आली की वार करायचा. इथं वार केला की तुमचाच त्रिकोण जातो. तिला मारलंत तर तुम्ही मरता. उपाय एकच : तलवार म्यान करायची आणि तिच्या अंगावर चालत जायचं. दोघं एक होतात आणि पुढे, जिथं काहीच दिसत नाही, तिथं पाऊल टाकलं की पायाखाली पूल उमटतो. एका अक्षराचाही संवाद नाही. ताडून पाहण्याच्या एका आज्ञेतून एवढा अर्थ काढणारा दुसरा गेम मला तरी माहीत नाही.

संगीत मेक्नरच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेक्नर यांनी दिलं. गेम बाजारात आला तेव्हा ॲपल टू यंत्र मरणपंथाला लागलं होतं, त्यामुळे सुरुवातीची विक्री यथातथाच. पुढच्या वर्षी डॉसवर रंगीत आवृत्ती आली, मग इतर यंत्रांवर, आणि तेव्हा कुठे त्याचं नाव झालं. आपल्याकडे तो बहुतेकांना कॉपी केलेल्या फ्लॉपीवरूनच मिळाला. खरं तर डॉस आवृत्तीत नकलेला आळा म्हणून पहिल्या लेव्हलनंतर मॅन्युअलमधल्या शब्दाचं पहिलं अक्षर ओळखायला लावणारी खोली होती. मॅन्युअल कुणाकडे होतं? फ्लॉपी हातात येईपर्यंत कुणीतरी ते कुलूप आधीच फोडलेलं असे.

दुसरा भाग ‘द शॅडो अँड द फ्लेम’ १९९३चा. मोठा, सजवलेला, पण चाल तीच. १९९९चा थ्रीडी प्रयत्न घाईत आला आणि फसला. त्यावर थांबण्यासारखं फार नाही.

काळ उलटा फिरवणं

२००३ साली युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीच्या माँट्रियल स्टुडिओनं ‘द सँड्स ऑफ टाइम’ काढला. हक्क मेक्नरकडेच होते आणि कथा-संहितेसाठी तो स्वतः तिथं जाऊन बसला. दिग्दर्शन पात्रिस देझिले यांचं. गोष्टीची सुरुवात होते हिंदुस्थानात : पर्शियाचं सैन्य एका महाराजाच्या राजवाड्यावर चाल करतं, राजपुत्र तिथून काळाची कट्यार उचलतो आणि महाराजाची मुलगी फराह बंदी होते. पुढे एका भल्यामोठ्या वाळूच्या घड्याळातली जादुई वाळू मोकळी सुटते आणि माणसांची भुतं होतात. वाचलेल्यांत राजपुत्र आणि फराह.

आता उडी चुकली तर? एक बटण दाबून धरायचं. राजपुत्र खड्ड्यातून उलटा वर येतो, भिंतीवर उलटा पळतो, कडेवर पुन्हा उभा. हा नुसता देखावा नव्हे. गेमला दर क्षणाची नोंद ठेवावी लागते : राजपुत्र कुठे होता, कुठल्या हालचालीच्या कितव्या टप्प्यावर होता, शत्रू कुठे होते, कुठली फळी तुटली, कुणाला किती मार लागला. दुकानदाराचा रोजमेळ शेवटच्या नोंदीपासून उलटा वाचत जावा, तसं गेम एकेक नोंद मागे घेत जातो. मेमरी भरली की जुनी नोंद पुसून तिच्या जागी नवी. प्लेस्टेशन २ मध्ये मुख्य मेमरी सगळी मिळून ३२ मेगाबाइट होती, म्हणून साधारण १० सेकंदांपलीकडे मागे जाता येत नाही. सगळं पुन्हा ‘चालवून’ पाहायची गरज नाही, लिहिलेलं वाचायचं फक्त. म्हणूनच तो उलटा प्रवास इतका सलग दिसतो.

किंमत? वाळू. प्रत्येक वेळी काळ मागे फिरवला की कट्यारीतली वाळू कमी होते आणि ती भरायला शत्रूच्या अंगात कट्यार खुपसावी लागते. १९८९मध्ये वेळ आपोआप गळत होता, इथं तो कमवायचा आणि खर्चायचा झाला. शिवाय सगळी कथा राजपुत्र कुणाला तरी सांगतोय अशी रचना आहे. वाळू संपलेली असताना मेलात, तर तो निवेदनात म्हणतो की छे, असं नव्हतं झालं. चूक खेळणाऱ्याची, पण गोष्टीत ती सांगणाऱ्याची होते.

गेम २० वर्षांहून जुना आहे, तेव्हा शेवट सांगायला हरकत नाही. राजपुत्र अखेरीस सगळाच काळ मागे फिरवतो, हल्ला होण्याच्या आधीपर्यंत. सगळी माणसं वाचतात, पण फराह त्याला ओळखत नाही. त्यांच्यात जे घडलं ते आता कधी घडलेलंच नाही. तो तिला पूर्ण गोष्ट सांगतो, कट्यार परत करतो. ती नाव विचारते तेव्हा तो तिच्या लहानपणीचा, फक्त तिला माहीत असलेला शब्द सांगतो : काकोलुकिया. दहा सेकंदांच्या चुकीला चिमूटभर वाळू पुरते, आयुष्यभराची चूक पुसायची तर आयुष्यच द्यावं लागतं. नियम आणि कथा इतकी एकजीव फार क्वचित होतात.

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘वॉरियर विदिन’मध्ये हा हिशेब अजून कडक झाला. राजपुत्रानं काळ चोरला म्हणून काळाचा रखवालदार दहाका त्याच्या मागे लागतो. कल्पना उत्तम. पण वर चढवलेला कर्कश हेवी मेटल संगीताचा, रक्ताचा आणि उघड्यावाघड्या बायकांचा मुलामा मला आजही बघवत नाही. या भागात मेक्नर नव्हता आणि त्याची नापसंती त्यानं नंतर जाहीरपणे सांगितलीही. २००५च्या ‘द टू थ्रोन्स’मध्ये सावली पुन्हा आली, या वेळी राजपुत्राच्या अंगातच.

२००८च्या गेमनं सगळ्यांत धाडसी उत्तर दिलं : किंमतच नाही. पडलात की सोबतची एलिका हात धरून वर ओढते, मरण नाहीच. खेळाडू भडकले, याला काय गेम म्हणायचं म्हणून. मला तो राग तितकासा पटत नाही. इतर गेम मारतात, ‘लोडिंग’ दाखवतात आणि थोड्या मागच्या जागी उभं करतात. एलिका तेच करते, फक्त मधला मरणाचा पडदा काढून टाकते. तरी तक्रारीत तथ्य होतंच. खर्च करायला हातात काही नसेल तर उडी मारताना छाती धडधडत नाही.

भाऊबंद

‘सँड्स ऑफ टाइम’नंतर देझिले यांच्या चमूनं पुढचा भाग करायला घेतला, त्याचं नाव होतं ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : असॅसिन’. त्यात खेळायला मिळणारा माणूस राजपुत्र नव्हता, त्याचा रक्षक होता. राजपुत्राच्या गेममध्ये राजपुत्रच हीरो नाही हे वरिष्ठांना रुचेना. शेवटी तो वेगळाच गेम झाला आणि २००७ साली ‘असॅसिन्स क्रीड’ नावानं आला. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. भिंतीवर चढणं, छपरांवरून पळणं हे सगळं राजपुत्राकडून गेलेलं. उडीची किंमत मात्र तिथं जवळजवळ शून्य : बटण धरून ठेवा, तो आपोआप चढतो, आणि मनोऱ्यावरून थेट गवताच्या गाडीत उडी. धाकटा भाऊ एवढा मोठा झाला की थोरल्याला घरात जागा उरली नाही. २०१०च्या ‘द फरगॉटन सँड्स’नंतर मुख्य मालिका बरीच वर्षं गप्प होती.

मग गोष्ट आपल्या दारात आली. सप्टेंबर २०२० मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीची घोषणा झाली आणि ती करणार होते युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबई स्टुडिओ. हिंदुस्थानच्या राजवाड्यात सुरू होणारी गोष्ट हिंदुस्थानात नव्यानं घडणार! एवढ्या नावाजलेल्या गेमची मुख्य जबाबदारी इथल्या चमूंकडे येणं ही साधी बाब नव्हती. ट्रेलर मात्र लोकांना आवडला नाही, चेहरे आणि प्रकाशयोजना जुनाट वाटली. जानेवारी २०२१ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे सोपवलं गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रकल्पच रद्द झाला. म्हणजे माँट्रियललाही ते जमलं नाही. म्हणून सगळं खापर पुण्या-मुंबईवर फोडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. जुना गेम नव्यानं करणं म्हणजे रंगरंगोटी नव्हे. वीस वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यावर आणि उडीच्या अंतरांवर जो तोल बेतला होता, तो नव्या शरीरांनिशी पुन्हा साधावा लागतो.

दरम्यान जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्सच्या माँपेलिए स्टुडिओनं ‘द लॉस्ट क्राउन’ आणला. पुन्हा बाजूनं दिसणारा, दोन मितींत खेळायचा. नायक सार्गोन हा योद्धा, आणि तो शोधतोय पळवून नेलेल्या राजपुत्राला. म्हणजे वीस वर्षांपूर्वी जी कल्पना ‘राजपुत्र हीरो नाही’ म्हणून बाजूला पडली, तीच इथं मुख्य दारानं आत आली. पहिल्या गेममधला पर्शिया अरबी सुरस कथा आणि हॉलिवूड यांची भेळ होता. इथं इराणी पुराणकथांतला सिमुर्ग पक्षी आहे, काफ पर्वत आहे आणि संवाद फारसीत ऐकायची सोयही आहे. सार्गोन स्वतःची एक सावली जागच्या जागी ठेवून पुढे जाऊ शकतो आणि हवं तेव्हा तिच्या जागी परत येऊ शकतो. आधी ठेवलेल्या सावलीपुरतंच मागे येता येतं, त्यामुळे चुकायच्या आधी चुकीची तजवीज करावी लागते. गेल्या वीस वर्षांतलं मला सगळ्यांत आवडलेलं उत्तर हे. समीक्षकांनी वाखाणलं, खप अपेक्षेइतका झाला नाही आणि चमू विखुरला गेला. ‘द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा लहान गेम २०२५ मध्ये पूर्णत्वाला आला; त्यात मेलात की राजपुत्र मरूद्यानात जागा होतो आणि हूणांच्या हल्ल्यात सापडलेलं शहर पुन्हा पहिल्यापासून लढवायचं असतं.

मूळ गेमच्या सोर्स कोडचंही, म्हणजे मेक्नरनं लिहिलेल्या मूळ प्रोग्रामचंही, एक उपकथानक आहे. मेक्नरला तो कुठं ठेवलाय हेच सापडत नव्हतं. २०१२ साली वडिलांच्या घरी कपाटात फ्लॉपींचं खोकं मिळालं, जुन्या यंत्रांच्या जाणकारांनी ती वाचून काढली आणि मेक्नरनं सगळा कोड लोकांसाठी खुला केला. डॉस आवृत्तीचं यंत्रभाषेतून उलगडून नव्यानं लिहिलेलं ‘एसडीएल-पॉप’ हे मोफत रूप तर आजच्या लॅपटॉपवर विनासायास चालतं. खेळणार असाल तर ‘मेगाहिट’ नको. शिफ्ट-एल ‘मेगाहिट’शिवायही चौथ्या लेव्हलपर्यंत चालतं, पण मग घड्याळात १५ मिनिटंच उरतात. आणि तलवार हाती येईपर्यंत पहिल्या पहारेकऱ्याच्या वाटेला जाऊ नका, बिनतलवारीचा राजपुत्र एका वारात आडवा होतो.